कण्हेरीची ओल

आगाराच्या मागे कण्हेरीपाशी येऊन वैजयंता कंडक्टरने पाण्याची बाटली उघडली. बाटलीवर लेकीने नेलपॉलिशने रेघा मारल्या होत्या: दहापर्यंत इतकं, बारापर्यंत इतकं. आईचं मूतखड्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती रोज संध्याकाळी बाटली हलवून बघायची.

पण तीन तासांच्या वाटेवर बाईमाणसाला जायला कुठे जागाच नव्हती. आडरानात गाडी थांबवून पन्नास जणांदेखत उतरण्यापेक्षा कोरडा घसा परवडायचा. म्हणून घरी निघताना ती तापलेलं पाणी कण्हेरीला घालायची आणि रिकामी बाटली लेकीपुढे ठेवायची.

आज ती वाकली, तर मुळाशी माती आधीच ओली होती. भर एप्रिलात. पलीकडे प्रणिता आपल्या बाटलीचं झाकण लावत होती. पोर दोन महिन्यांपूर्वीच त्याच वाटेवर कंडक्टर म्हणून लागली होती. ओठ पार फुटले होते तिचे.

"आई रोज बाटली तपासते हो," ती खाली बघत म्हणाली.

वैजयंता तिथेच पायरीवर टेकली. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते.

"फाट्यावर माझ्या जावेचं घर आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हरमामांना मी सांगते. उद्यापासून तिथं पाच मिनिटं गाडी थांबेल. तू निवांत जाऊन ये. आणि पाणी पीत जा."

नोकरीच्या अकरा वर्षांत स्वतःसाठी हे बोलायला तिची जीभ रेटली नव्हती.

मग आपली भरलेली बाटली तशीच पिशवीत टाकून ती घरी निघाली.