घरताचे पत्र

घरताच्या पत्राला निवृत्त विमा सर्व्हेअर खांबेट्यांनी महिनाभर उत्तर दिले नव्हते. "दावेदाराकडे नुसता चहा घेता घेता तू विम्यासाठी लावलेली खोटी आग कशी ओळखायचास? सविस्तर लिही," असे त्या जुन्या सहकाऱ्याने विचारले होते. अक्षर त्याचेच होते. पण विमा कंपनीचे यंत्र आता कुणाचेही अक्षर हुबेहूब काढून जुन्या सर्व्हेअरांकडून कामातल्या खुबी काढून घेत असे.

"बाबा, आम्ही नऊच सर्व्हेअर उरलोय," मुलगी मृण्मयी म्हणाली. "यंत्राला एवढं कळलं, की आम्हीही घरी!"

"आणि खरंच घरत असला तर? एकटा असतो गं तो."

"मग तुमचं तुम्ही बघा."

खांबेट्यांनी लिहून लिहून चार पोस्टकार्डे फाडली. पाचव्यावर एकच ओळ लिहून ते स्वतः टपालपेटीत टाकून आले: "सगळं सांगतो घरत, पण आधी घरी येऊन माझ्यासमोर चहा पी."