जयवंताबाईचं प्रस्थान

"मामी, हे तुमचं राह्यलं होतं ना आमच्याकडं," म्हणत गंगामणी मागच्या दारानं थेट आत आली आणि काखेतलं गठोडं तिनं चुलीशेजारी ठेवलं.

जयवंताबाई डब्यात भाकरी भरत होती. तिचा हात तिथंच थांबला. "अगं माय गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गठोड्यात तसं काही मोलाचं नव्हतं. एक लुगडं, मूठभर ज्वारी, हळकुंड, सुपारी. पण ते साधं गठोडं नव्हतं, प्रस्थान होतं. जयवंताबाईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्या केमोची तारीख दिली शनिवारची, आणि चांगला मुहूर्त होता मंगळवारचा, दसऱ्याचा. मुहूर्तावर माणसाला निघता येत नसेल तर त्याचं गठोडं शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघालं. मग तीन दिवसांत जाताना ते तिथून उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. अट एकच, ते परत घरात येता कामा नये. आलं, की त्या माणसाचं जाणं सुखाचं नाही.

आणि ते तर चुलीशेजारी बसलं होतं.

गंगामणीचा काय दोष म्हणा! शेजारच्या सोजरबाईची ही सून तेलुगू घरची, निर्मलकडची, वैशाखात भीमपूरला आलेली. सासू सकाळीच कापूस वेचायला गेलेली. झाडताना कोपऱ्यात गठोडं दिसलं, जयवंतामामी आज जाणार हे ठाऊक होतं, पोरीला वाटलं बिचारी विसरली. मंगळवारीच आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, भीमपूर नवं मंडल, म्हणजे तालुक्याचं गाव, झालं म्हणून गावात फटाके फुटत होते, आणि ही वेडी माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं म्हणून डोळे पुसत होती. तिला कोण प्रस्थान समजावून सांगणार?

जयवंताबाईला आधी वाटलं, द्यावी एक ठेवून. मग ती पाटावर बसली. गाठीचं कळून वीस दिवस झाले होते, घास गिळवत नव्हता. पदराखाली हात जायचा, गाठ चाचपायचा, परत यायचा. पलीकडच्या गावची बयनाबाई केमोच्या तिसऱ्या सलाईनला दगावली, हे लोकांनी तिला दहा वेळा ऐकवलं होतं. त्या साऱ्या भीतीत एक दसऱ्याचा मुहूर्तच काय तो तिनं घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर महिपत जीपवाल्याशी मोठ्यानं बोलत होता. प्रस्थान ठेवलं तेव्हा तिचा हा नवरा खो खो हसला होता. "डॉक्टर रिपोट पाह्यते का पस्तान पाह्यते वं?" पण रिपोर्ट कळला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तोंडावर टॉवेल घेऊन रडला होता तोही हाच. त्याला हे कळलं तर तो हसेल, आणि आतून खचेल. आणि आपण एकदा का हे तोंडानं बोललो, तर आपलं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, हे तिला पक्कं कळलं.

"ऐक पोरी," ती उठली. "हे उचल. आल्या दारानं घेऊन जाय, अन् होतं तिथंच ठेव. तू आली नाई. हे बी आलं नाई."

"मामी, माझं काय चुकलं?" गंगामणीचा चेहरा पडला.

"काई नाई चुकलं. जाय लवकर. सासूले बी सांगू नोको."

तासाभरानं जयवंताबाई पुढच्या दारानं निघाली आणि सगळ्यांच्या देखत सोजरबाईच्या घरी गेली. सोजरबाई शेतातून मुद्दाम आली होती. गल्लीतल्या चार बायका जमल्या. कुंकू लागलं, ओटी भरली. "दसऱ्याचं पस्तान हाय बाई," सोजरबाई गठोडं तिच्या हातात देत म्हणाली, "कायले भेतं? ठणठणीत होऊन येशील पाह्य." बायका हो हो म्हणाल्या. गंगामणी दाराआड उभी होती. तिनं मान वर केली नाही.

जीप निघाली. गठोडं जयवंताबाईच्या मांडीवर होतं. आपण साऱ्या गावाला फसवलं, पण ज्याला कळायचं त्याला कळलंच असेल, हे काही केल्या मनातून जाईना. एकटीच्या जिवाला हे पेलायचं नाही. पैनगंगेचा पूल दिसू लागला तसं तिनं ठरवलं, सांगून टाकावं. हसू दे हसला तर.

"आवो, ऐकता का..."

"आधी माहं ऐक," महिपत म्हणाला. तो लाजल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता. "हासू नोको मात्र."

"काय?"

"दसऱ्याच्या दिशी तू सोनं वाटाले गेली, तवा मी सोजरवैनीच्या घरी गेल्तो. तुह्या गठोड्यात माहा एक सदरा टाकला. म्हटलं, निघाचं तं दोघांयनं निघाचं. जे होईल ते दोघांयचं होईल."

जयवंताबाईनं गठोड्याची गाठ चाचपली. म्हणजे त्याचा सदराही तिच्या चुलीपर्यंत जाऊन आला होता.

जीप पुलावर चढली. महिपतनं पैनगंगेला हात जोडले आणि तिच्याकडं बघून हसला.

"गावात कोनाले सांगू नोको बरं. हासतीन लोकं मले."

"नाई सांगत," जयवंताबाई म्हणाली.