साधे आणि बदललेले

सोमवारी सकाळी सव्वाआठला ताईने शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांवरची कार्डं आपसात बदलली. वीस सेकंदांचं काम. ‘बदललेले’ लिहिलेलं कार्ड डावीकडे गेलं, ‘साधे’ उजवीकडे. दोन्हींत सहा-सहा काळे उंदीर; एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

लहान मुलांचे स्नायू दुबळे करणारा एक आजार आहे. जनुकातलं एकच अक्षर चुकतं आणि तो होतो. नेमकी तीच चूक प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या छोटीने उंदरांच्या जनुकात उतरवली होती, अवघ्या चौदा महिन्यांत. ताई त्या आजारामागे नऊ वर्षं होती. उंदराच्या अंडपेशीत सुई कशी घालायची, हे छोटीला तिनेच हात धरून शिकवलं होतं.

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, सरांसकट. ताई म्हटलं की कामं सांगायला बरं पडतं.

शुक्रवारी दुपारी सरांनी सांगून टाकलं. सोमवारी अकराला फिरत्या दांड्यावरची चाचणी. बदललेले उंदीर आधी पडले, तर शोधनिबंध छोटीचा. नाही पडले, तर काम परत ताईकडे.

“निबंधावर माझं नाव असेल ना?” ताईने विचारलं होतं.

“शेवटी आभार मानू की,” सर म्हणाले. “तू काय, घरचीच.”

नऊला छोटी आली. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ताईने शेजारी उभं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

“ताई, पडतील ना गं?”

“तुझेच आहेत. पडतील.”

एवढ्या मायेने बोलणं आपल्याला जमलं, याचं ताईलाच नवल वाटलं. छोटीचा पडलेला चेहरा तिने शनिवार-रविवार मनात घोळवला होता.

अकराला दांडा फिरू लागला. ‘बदललेले’ कार्डाखालचा पहिला उंदीर एकोणिसाव्या सेकंदाला पडला. चाळिसाव्यापर्यंत सहाच्या सहा खाली. ‘साधे’ तीन मिनिटांनंतरही चिकटून होते.

ताईने कार्डं पुन्हा वाचली. सरांनी छोटीची पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईनेही. आपण कार्डं बदलली होती, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बाराला उंदरांची देखभाल करणारे काका खाली मान घालून आले. शुक्रवारी संध्याकाळी पिंजरे धुतल्यावर त्यांच्याकडून ही दोन कार्डं उलट लागली होती. धुण्याआधीचा आणि नंतरचा फोटो ते नेहमी काढत. आत्ता वहीत नोंद करताना दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तेव्हा चूक दिसली. चाचणी वाया गेली असणार, नोकरीवरून काढू नका, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

सर चक्रावले. चाचणी तर चोख झाली होती. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी चूक हेरून कार्डं नीट लावली होती, आणि त्याचा गाजावाजाही केला नव्हता.

छोटीचे डोळे भरून आले.

“सर, तो जो कोणी असेल, त्याचं नाव निबंधावर माझ्या शेजारी लागेल,” ती म्हणाली.

बारा वीसला ती खाली पहारेकऱ्याच्या खोलीत गेली. उंदरांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं सकाळचं चित्रण तिथे दिसतं. ती अजून वर आलेली नाही.