धबधब्यावरचे मासे

सोचा नदीत मत्स्यकेंद्रातले पाळीव ट्राउट मासे सोडले गेले आणि खोऱ्यातलं मूळचं वाण त्यांच्यात मिसळून संपलं. पण पाळीव माशांना धबधबा चढता येईना, त्यामुळे वरच्या एकाच ओढ्यात जुनं वाण निर्भेळ राहिलं. संशोधक नेवेंकाने जनुकं तपासून हे सिद्ध केलं, तेव्हा नगराध्यक्ष स्रेचको चारचौघांत हसला होता. "डॉक्टरबाई, माशांची कुळं कसली शोधताय? सोयरीक जुळवायचीय का त्यांची?"

पुढे सरकारने तो ओढा संरक्षित केला. गावाचं नाव टीव्हीवर आलं, तसा हाच माणूस गळ्यात पदाची साखळी मिरवत ओढ्याकाठी समारंभाचा घाट घालून बसला. नेवेंका राजधानी ल्युब्लियानाहून पोचली तेव्हा बँड वाजून झाला होता आणि लोक पोतित्सा केकचे तुकडे तोंडात कोंबत होते. या ढोंग्याचं तोंडही बघू नये असं तिला वाटलं. तरी ओढा वाचला होता, म्हणून तिने हात पुढे केला.

"वाट बघितली असती हो, पण कॅमेरेवाले थांबेनात," तिचा हात दाबत तो म्हणाला. "आणि बघा, तुमचा शब्द आम्ही खाली पडू दिला नाही. मासे फार थोडे उरलेत, असं तुम्हीच मुलाखतीत म्हणालात ना?"

"हो. मग?"



"मग काय! सकाळीच नदीवरच्या मत्स्यकेंद्रातून टँकरभर मासे आणून ओतले की ओढ्यात!"