पुढचा क्रमांक
घड्याळवेड्यांच्या मंडळात घड्याळं टेबलाभोवती फिरायची, तासन्‌तास कौतुक चालायचं. अध्यक्षांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी नकली ठरवलेलं घड्याळ मालकानेच सगळ्यांसमोर हातोडीने फोडायचं. आज नवख्या शिंप्याने वडिलांचं घड्याळ पुढे केलं. “बाबा जाताना एवढंच म्हणाले, अस्सल आहे, जिवापाड जप.” अध्यक्षांनी भिंग लावून मागचं झाकण उघडलं. घड्याळ अस्सल होतं, क्रमांकही अध्यक्षांच्या स्वतःच्या घड्याळाच्या पुढचाच. असं दुसरं जगात नाही म्हणून वीस वर्षं ते मिरवत होते. त्यांनी झाकण लावलं. “नकली.” शिंप्याने हातोडी उचलून एका घावात घड्याळाचा चुरा केला. मग तुकडे रुमालात भरताना पुटपुटला, “म्हणजे बाबा मरतानाही खोटंच बोलले.” अध्यक्षांनी मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ द्या. वडीलच होते, माफ करा त्यांना.”