पहिल्या रांगेतलं मंजूर

"मंजूर!"

पहिल्या रांगेतून आप्पासाहेबांचा आवाज असा खणखणीत आला, की माईकची गरजच पडली नाही. पाठोपाठ दुसऱ्या रांगेतून "मंजूर", तिसऱ्या रांगेतून "मंजूर, मंजूर". मागं दाराशी तंबाखू मळत उभे असलेलेही "मंजूर" म्हणून मोकळे झाले. इंदापूरच्या त्या मंगल कार्यालयात टाळ्यासुद्धा पडल्या.

"आगं बया!" बायकांच्या बाजूनं प्रयागबाई ओरडली. "आवं आप्पा, आपलं गावच देऊन टाकलंत की!"

सरपंच राजलक्ष्मी खुर्चीतून अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. पहिलं मंजूर म्हणणारा माणूस कुणी परका नव्हता. तिचा सख्खा सासरा होता.

राज्याच्या कारभारात काय सुधारणा कराव्यात हे ठरवायला सरकारनं एक समिती नेमली होती. ती गावोगाव फिरत होती. सूचना वाचायची, लोकांना विचारायचं, नोंद करायची आणि पुढच्या तालुक्याला जायचं. आज पाळी इंदापूरची. बाकीच्या सूचनांशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. दाखले मोबाईलवर द्या, खाती कमी करा... करा की बाबांनो! पण एक सूचना अशी होती, की लहान ग्रामपंचायती मोडून शेजारच्या मोठ्या गावात घालाव्यात. त्यात भिगवणजवळची यांची चिंचमळी जात होती. तेवढ्या एका सूचनेसाठी टेम्पो भरभरून माणसं आली होती.

मोठ्या गावाच्या हाताखाली काढलेले दिवस चिंचमळीत कुणी विसरलं नव्हतं. समोर नजर पोचेल तिथवर उजनीचं पाणी, आणि प्यायला टँकर! तोही मोठ्या गावाचं भागलं, तर. स्वतःची पंचायत झाली, राजलक्ष्मी सरपंच झाली, तेव्हा कुठं शाळेशेजारी शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं आणि बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. आता ते सगळं पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर जाणार होतं. म्हणून तर तिनं घरोघर फिरून बजावलं होतं, साहेबांनी विचारलं की सगळ्यांनी एका दमात "न्हाय" म्हणायचं.

आणि झालं काय? खोड नडली! इकडच्या माणसाला सभा म्हटलं की एकच सभा ठाऊक, साखर कारखान्याची वार्षिक. वाचणाऱ्यानं विषय पुरता वाचायच्या आत पहिल्या रांगेनं "मंजूर" म्हणायचं, मागच्यांनी री ओढायची आणि जेवायला उठायचं. आप्पासाहेबांचा जन्म त्या पहिल्या रांगेत गेलेला. आजही "मी फुडंच बसणार" म्हणून हटून बसले होते. त्यांचा आवाज आला की मागचे म्हणणारच. त्यात विचार कसला करायचा!

राजलक्ष्मी धावत स्टेजपाशी गेली. डोक्यावरचा पदर सुटला होता, त्याचंही तिला भान नव्हतं.

"साहेब, हे चुकून झालं! सवयीनं बोलले सगळे. आम्ही विरोध करायलाच आलोय."

ती मागं वळली. "हात वर करा ना! ज्यांना नको असेल त्यांनी हात वर करा!"

चारदोन हात निम्मे वर गेले, आणि आप्पासाहेबांच्या टोपीकडं बघून परत खाली आले. आप्पा बसून असताना हात कोण वर करणार? एकट्या प्रयागबाईचा हात तेवढा वर राहिला. तीही मग खाली बघायला लागली.

समितीचे सचिव आनंद सबनीस भला माणूस. त्यांनाही ते बघवेना. "ताई, एकमतानं मंजूर म्हणालात. सगळं चित्रित होतंय," ते म्हणाले. "पण असं करू. ज्यांनी सगळ्यांत आधी मंजूर म्हटलं, त्यांनीच सांगावं की नीट ऐकू आलं नव्हतं. मी सूचना पुन्हा वाचतो, पुन्हा विचारतो."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना!

राजलक्ष्मी सासऱ्यांच्या खुर्चीशी जाऊन बसली. तिला त्यांची दयाच आली. एवढ्या माणसांत म्हाताऱ्याला किती ओशाळं वाटत असेल!

"मामा, तेवढं म्हणा," ती हळूच म्हणाली. "ऐकू आलं न्हाय म्हणा. त्यात कसला आलाय कमीपणा? वयच हाय तुमचं."

आप्पासाहेब सावकाश उठले. टोपी सारखी केली. सचिवांनी खाली उतरून स्वतः त्यांच्यापुढं माईक धरला.

"ऐकू आलं, साहेब. कान शाबूत हायेत माझे. पुरतं ऐकलं, मगच मंजूर म्हणलो."

"मामा?" राजलक्ष्मी जमिनीवर बसल्या बसल्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

आप्पासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते माईकमध्येच बोलले, पण आवाज पार बसला होता.

"जलमभर दारात आलेला मानूस मला भेटाया यायचा, साहेब. आता मी ओट्यावर बसल्याला असतुय, अन् त्यो माझ्यावरनं आत डोकावून इचारतुय, 'सरपंचबाई हायत का?'"