काशीत सोडलेलं फळ

ब्रेडचा तुकडा गिरधरच्या हातात आला आणि तिथेच थांबला.

"कशाचा आहे?" त्याने विचारलं.

"चेरीचा, बाबा," त्याची सून हिमानी म्हणाली. "ताज्या चेरीचा. घरीच केलाय, कुकरमध्ये."

गिरधरने तुकडा परत ताटलीत ठेवला.

मग सगळ्यांनाच थांबावं लागलं. काल त्याच्या बायकोचं, सुमनचं, वर्षश्राद्ध झालं होतं. वर्षभर या घरात हौसेचं गोड झालं नव्हतं. दिवाळीला नाही, आखाजीलाही नाही. आज पहिल्यांदा झालं होतं, आणि घरातल्या थोरल्याने तोंड गोड केल्याशिवाय बाकीच्यांनी खायचं नाही, अशी रीत होती. मुलगा धर्मेंद्र तुकडा हातात धरून बसून राहिला. सुमनची धाकटी बहीण आशाबाई श्राद्धासाठी धूलकोटहून आली होती. तिनेही हात आवरला.

चेरीची पेटी धर्मेंद्रने इंदूरहून आणली होती. आशाबाईला आधी ती करवंदं वाटली. मग एक तोंडात टाकून ती म्हणाली, केकवरची चेरी तर पाकासारखी गोड असते, हिला काय झालं. हिमानीने केसांचा नवा आकडा घेऊन एकेका चेरीची बी काढली. कुकरची शिट्टी आणि रबर काढलं, तळाला मीठ पसरलं, वर डबा ठेवला आणि आच मंद केली. वेलदोड्याचा वास घरभर झाला. झाकण उघडलं तर ब्रेड मधोमध फुगला होता आणि जागोजागी लाल रस वर आला होता. स्वयंपाकघरात एकटीच असताना तिने टाळी वाजवली.

सासू गेल्यापासून तिला एकच धास्ती होती. या घरातलं गोड सासूबरोबरच संपलं, असं बाबांनी मनात ठरवून टाकलं असेल तर?

आता ती पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडेच होते.

"काही चुकलं का?" तिने विचारलं.

गिरधरने मान हलवली. मग त्याला सांगावंच लागलं.

अस्थी घेऊन तो आणि धर्मेंद्र काशीला गेले होते. धर्मेंद्र होडीवाल्याशी बोलत होता, तेव्हा घाटावर पंड्याने गिरधरला सांगितलं, गेलेल्या माणसाच्या नावाने एक फळ सोडा, पुन्हा जन्मात खायचं नाही. गिरधर विचारात पडला. केळी सोडणं शक्य नव्हतं. दापोऱ्याला त्याची चार एकर केळीची बाग होती आणि सकाळी दोन केळी खाल्ल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. आंबा सोडला तर उन्हाळ्यात खायचं काय? पेरू, सीताफळ, बोरं, सगळं बांधावरचंच. शेवटी त्याला चेरी आठवली. बऱ्हाणपुरात ताजी चेरी त्याने कधी पाहिली नव्हती. "चेरी सोडली," तो म्हणाला आणि हातावरून पाणी सोडलं.

परतीच्या गाडीत त्याला एकदम हसू आलं. हे सुमनला सांगायला पाहिजे, असं वाटून तो शेजारी वळला. शेजारी धर्मेंद्र झोपला होता.

गाडीतलं त्याने आता सांगितलं नाही. चेरीपर्यंतच सांगितलं.

धर्मेंद्र आधी हसला. आशाबाईने कपाळाला हात लावला.

"दाजी, काशीत जाऊन देवाला गंडवलं तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नावाने सोडलं काय, तर जे ताटात कधी येणारच नाही. आता आलं ना ताटात."

हिमानीही हसली, पण तिचं हसू टिकलं नाही. ती ताटल्या गोळा करायला लागली. "रहने दो बाबा, कोई बात नहीं," ती म्हणाली. "मी शिरा टाकते."

गिरधरने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं अजून लाल होती. स्वतःला झळ लागू नये असं फळ त्याने सोडलं होतं. आज ती झळ सुनेला लागत होती.

एकदा सोडलेलं बदलता येतं का, असं त्याने आशाबाईला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. पण लहान परत घ्यायचं तर बदल्यात मोठं द्यायला पाहिजे, एवढं तिला कळत होतं.

गिरधर उठला. त्याने पेलाभर पाणी घेतलं आणि अंगणात जाऊन तळहातावरून ते सोडलं.

"सुमनच्या नावाने आजपासून केळी सोडली," तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. आशाबाईने पदर डोळ्यांना लावला. गिरधर आत आला, बसला आणि त्याने ब्रेडचा तुकडा उचलला.

हिमानीने त्याचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "आपल्याकडे अंडं चालत नाही ना. म्हणून मी यात आपल्या बागेतली केळी कुस्करून घातलीत."

गिरधरने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग गिरधर हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो थांबेना. वर्षभरात घराने हा आवाज ऐकला नव्हता. धर्मेंद्र बापाकडे बघतच राहिला आणि मग तोही हसू लागला.

गिरधरने डोळे पुसले, अख्खा तुकडा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी ताटली सुनेपुढे केली.

"केळी उद्यापासून," तो म्हणाला.